कच्छच्या पालीला नाव देणारा संशोधक

पाल म्हटले की अंगावर काटा येणारी माणसे घराघरांत आहेत. ती अंगाच्या कोणत्या भागावर पडली की काय फळ मिळते, याचे कोष्टक पंचांगात सापडते. मनात शंका आली तरी ‘पाल चुकचुकली’ असेच आपण म्हणतो. दुधात पाल पडली तर ते विषारी झाले असे सगळे धरून चालतात. वैद्यकाच्या दृष्टीने ही शेवटची समजूत अर्धीच खरी आहे. भारतातील एकाही पालीला विष नाही. तिच्या आतड्यात साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, त्यामुळे पाल पडलेले अन्न टाकून देणे आणि पालीची घाण साफ केल्यावर हात साबणाने धुणे योग्यच. पण त्यासाठी पालीला झाडूने चेचून मारण्याचे कारण नाही.

अशा नकोशा प्राण्याकडे बारकाईने पाहणारी माणसे प्रत्येक काळात थोडीच असतात. त्यांतले एक होते फर्डिनांड स्टोलिच्का. कच्छच्या खडकाळ, कोरड्या भागात रात्री बाहेर पडणाऱ्या एका बोटभर पालीचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केले आणि तिला कच्छचेच नाव दिले. दोन वर्षांनी, वयाच्या ३६ व्या वर्षी, काराकोरमच्या उंच पठारावर त्यांचा मृत्यू झाला. ज्या आजाराने ते गेले, त्याची लक्षणे आज लेहला जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला माहीत असायला हवीत.

वनरक्षकाचा मुलगा

स्टोलिच्का यांचा जन्म १८३८ मध्ये मोराविया प्रांतातील क्रोमेरिझ गावाजवळ झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील जंगलाची देखरेख करण्याच्या नोकरीत होते, त्यामुळे मुलाचे बालपण झाडे, पक्षी आणि शिकारीच्या गोष्टी यांतच गेले. पुढे व्हिएन्नामध्ये एडुआर्ड झ्युस यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि १८६१ मध्ये ट्युबिंगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. काही काळ ऑस्ट्रियाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणात काम केल्यावर भारतातून बोलावणे आले.

कलकत्त्यातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम हे तेव्हा जीवाश्म ओळखणारा जाणकार शोधत होते. १८६२ मध्ये स्टोलिच्का भारतात आले, तेव्हा ते २४ वर्षांचे होते. दक्षिण भारतातील क्रिटेशस काळातील शंख-शिंपल्यांचे हजारो जीवाश्म कलकत्त्यात येऊन पडले होते. त्यांची छाननी, वर्णन आणि रेखाचित्रे हे काम त्यांच्याकडे आले. दहाएक वर्षांत त्यांनी या विषयावरचे चार जाड खंड पूर्ण केले. एका माणसाच्या आयुष्याला पुरेल एवढे हे काम होते. पण त्यांनी ते करता करता स्पितीच्या दऱ्या पालथ्या घातल्या, ब्रह्मदेश आणि मलायातून गोगलगायी गोळा केल्या आणि एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालमध्ये निसर्गविज्ञान विभागाचे चिटणीसपद सांभाळले. १८७३ मध्ये अंदमान-निकोबारला गेलेल्या पक्षी अभ्यासकांच्या तुकडीतही ते होते. त्या तुकडीचे प्रमुख होते अ‍ॅलन ह्यूम. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे घरोघरी पोहोचलेले ह्यूम ते हेच.

त्या काळी शास्त्राच्या शाखा आजच्याइतक्या वेगळ्या झालेल्या नव्हत्या. खडक तपासायला गेलेला माणूस वाटेत भेटलेला साप, बेडूक, वटवाघूळ, पक्षी हे सगळेच नोंदवून आणत असे. स्टोलिच्का यांनी तर या सवयीला शिस्त लावली. नमुना कुठे सापडला, कोणत्या प्रकारच्या जमिनीवर, जवळच्या जातीपेक्षा नेमका कुठे वेगळा, हे ते लिहून ठेवत.

कच्छची रात्र

कच्छमध्ये ते भूशास्त्राच्या कामासाठी गेले होते. तेथील ज्युरासिक काळातील खडकांचे त्यांनी पच्छम, चारी, कात्रोल आणि उमिया असे चार थर पाडले. ही नावे भूशास्त्राचे विद्यार्थी आजही शिकतात. याच भटकंतीत त्यांनी कच्छच्या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांची यादी तयार केली आणि १८७२ मध्ये ती एशियाटिक सोसायटीच्या इतिवृत्तात प्रसिद्ध झाली. कच्छची पाल शास्त्राला माहीत झाली ती या यादीतून. तिचे आजचे शास्त्रीय नाव सिर्टोपोडियन कच्छेन्से. कच्छच्या आसपासचा गुजरातचा कोरडा भाग आणि सीमेपलीकडचा सिंध, एवढाच तिचा मुलूख.

ही पाल आपल्या घरातील पालीसारखी दिसत असली तरी वेगळी आहे. घरच्या पालीच्या बोटांखाली चिकटून राहणाऱ्या गाद्या असतात, त्यामुळे ती छतावर उलटी चालते. कच्छच्या पालीची बोटे बारीक, वाकडी आणि टोकाला नखे असलेली. खडकाच्या खरखरीत पृष्ठभागावर नखे रोवून ती चढते. पाठीवर बारीक खवल्यांच्या मध्ये टपोरे दाणे असतात, रंग खडकासारखा. दिवसभर भेगेत दडून राहायचे आणि अंधार पडल्यावर किडे पकडायला बाहेर यायचे, असा तिचा दिनक्रम.

वाळवंटी प्रदेशात रात्रीचे जीवन म्हणजे पाणी वाचवण्याचा उपाय. दिवसा खडक तव्यासारखा तापतो. पालीला स्वतःच्या शरीराचे तापमान माणसासारखे आतून राखता येत नाही, त्यामुळे उन्हात ती टिकणार नाही. रात्री खडकात साठलेली ऊब तिला पुरते आणि शरीरातील पाणीही कमी उडते. तिची मूत्रपिंडेही याच कामाला लागलेली असतात. माणूस नको असलेले नायट्रोजन युरियाच्या रूपात, भरपूर पाण्याबरोबर बाहेर टाकतो. पाल ते युरिक अ‍ॅसिडच्या घट्ट, पांढऱ्या गोळ्याच्या रूपात टाकते. भिंतीवरच्या पालीच्या विष्ठेला जे पांढरे टोक दिसते, ते हेच. जे युरिक अ‍ॅसिड माणसाच्या सांध्यात साठले की गाऊटचा ठणका लागतो, त्याच्याच आधाराने पाल थेंबभर पाण्यावर दिवस काढते.

डोळ्यांची गोष्ट त्याहून आश्चर्याची. कच्छच्या पालीला आणि बहुतेक पालींना उघडझाप होणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि ते पुसायला त्या जीभ वापरतात. स्वीडनमधील संशोधकांनी २००४ मध्ये आफ्रिकेतील एका निशाचर पालीवर प्रयोग करून दाखवले, की मंद चांदण्याएवढ्या उजेडातही तिला रंग ओळखता येतात. त्या उजेडात माणसाला सारे करडेच दिसते. रंग ओळखण्याच्या बाबतीत या पालीचा डोळा माणसाच्या डोळ्यापेक्षा सुमारे ३५० पट संवेदनशील असल्याचा हिशोब नंतर मांडला गेला. तिच्या बुबुळामागील भिंगाची रचना समजून घेऊन चांगले कॅमेरे आणि कॉन्टॅक्ट लेन्स बनवता येतील का, याचाही विचार शास्त्रज्ञांनी केला आहे. तुटलेली शेपटी पुन्हा उगवताना पालीचे शरीर काय करते, हा तर मज्जारज्जूच्या दुखापतींवर काम करणाऱ्यांच्या अभ्यासाचा विषय आहे.

कच्छमध्ये स्टोलिच्का यांनी आणखी एका जिवाला नाव दिले. झुडपी माळावर राहणाऱ्या एका छोट्या पक्ष्याचे वर्णन त्यांनी १८७२ मध्येच केले. इंग्रजीत तो आजही ‘स्टोलिच्काज बुशचॅट’ म्हणून ओळखला जातो आणि आंतरराष्ट्रीय यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात आहे.

यारकंदची मोहीम

१८७३ मध्ये ब्रिटिश सरकारने टी. डी. फोर्साइथ यांच्या नेतृत्वाखाली काशगरचा शासक याकूब बेग याच्याकडे एक मोठे शिष्टमंडळ पाठवले. हेतू व्यापाराचा आणि राजकारणाचा. पण शेकडो माणसे आणि जनावरांच्या या तांड्यात मोजणी करणारे अधिकारी आणि एक निसर्गशास्त्रज्ञही हवा होता. ती जागा स्टोलिच्का यांना मिळाली. तकलामकान वाळवंटाच्या कडेचा तो प्रदेश शास्त्राला जवळपास अनोळखी होता. अशी संधी त्यांच्यासारखा माणूस सोडणे शक्य नव्हते.

जातानाच, लडाखपलीकडच्या उंच पठारावर, त्यांची प्रकृती गंभीर बिघडली. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाला सूज आली असावी, असे तेव्हा मानले गेले. खाली उतरल्यावर ते बरे झाले आणि कामाला लागले. हिवाळा काशगरमध्ये गेला. १८७४ च्या वसंत ऋतूत ते पामीर आणि वाखानपर्यंत जाऊन आले. खडक, पक्षी, सस्तन प्राणी, पाली, मासे, गोगलगायी असा मोठा संग्रह जमला. मे महिन्याच्या अखेरीस परतीचा प्रवास यारकंदहून सुरू झाला.

वैद्यकाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. यारकंद समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा खाली. काराकोरम खिंड सुमारे ५,५४० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. उंचीवर काही दिवस राहून शरीराने जी सवय लावून घेतलेली असते, ती खाली राहिल्यावर हळूहळू नाहीशी होते. पूर्वी हिमालय पालथा घातलेल्या माणसालाही नव्याने सुरुवात करावी लागते. शिवाय ज्याला एकदा उंचीचा त्रास झाला आहे, त्याला तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते.

जूनच्या मध्यावर तांड्याने काराकोरम खिंड ओलांडली. स्टोलिच्का यांचे डोके दुखू लागले. पुढे देपसांगचे पठार, तेही पाच हजार मीटरच्या वर. खोकला सुरू झाला, श्वास लागू लागला. तरीही वाटेतील खडक पाहण्यासाठी ते बाजूला जात राहिले. १९ जून १८७४ रोजी मुर्गो या मुक्कामावर त्यांचा मृत्यू झाला. मुर्गो खिंडीपेक्षा खाली असले तरी उंचच होते. लेहकडे जायचे तर पुढे सासेर ला ही ५,४०० मीटरच्या आसपासची आणखी एक खिंड चढायची होती. मागे वळावे तर पुन्हा काराकोरम. रुग्णाला पटकन खाली न्यायचे ठरवले असते, तरी त्या वाटेवर ते शक्य नव्हते.

तेव्हा न ओळखलेला आजार

स्टोलिच्का गेले, तेव्हा उंचीवरच्या आजाराचे कारणच नीट माहीत नव्हते. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हवेच्या कमी दाबात प्राणवायू अपुरा पडतो आणि त्यामुळे माणूस आजारी होतो, हे प्रयोगांसह मांडणारा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे या मृत्यूनंतर चार वर्षांनी. अँडीज पर्वतातील खाणींवर काम करणाऱ्या टॉमस रेव्हनहिल या डॉक्टरने १९१३ मध्ये या आजाराचे प्रकार वेगळे केले: साधा त्रास, हृदय-फुप्फुसांशी संबंधित आणि मेंदूशी संबंधित. त्यांचा लेखही पुढे कित्येक वर्षे विस्मृतीत पडून राहिला. १९६२ च्या चीन युद्धानंतर हजारो भारतीय जवान अचानक उंचावर न्यावे लागले आणि हा प्रश्न आपल्या दारात आला. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, तो या विषयातील पायाभूत कामांत गणला जातो.

आजच्या नजरेने पाहिले तर स्टोलिच्का यांची लक्षणे ओळखीची वाटतात. आधी डोकेदुखी, मग खोकला आणि विश्रांतीतही लागणारा श्वास. फुप्फुसात पाणी झिरपू लागले की असे होते. त्याबरोबर मेंदूला सूज येऊ शकते. तेव्हा चालताना झोक जातो, बोलणे असंबद्ध होते, रुग्ण गुंगीत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हे मेंदूच्या आवरणाच्या जंतुसंसर्गासारखे वाटणे स्वाभाविक होते. दीडशे वर्षांनंतर शवविच्छेदनाशिवाय निदान पक्के सांगता येत नाही, पण उंची आणि लक्षणांचा क्रम एकाच दिशेला बोट दाखवतात.

मुंबई-पुण्याहून विमानाने काही तासांत लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर उतरणाऱ्या पर्यटकाने यातून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. त्यानंतर रात्रीचा मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासून घेता येते. डोके दुखत असेल तर आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला किंवा पाय लटपटू लागले, तर औषध आणि प्राणवायू मिळेल तेवढा द्यावा, पण खरा उपाय एकच: विनाविलंब खाली उतरणे. सहलीचे पैसे भरले आहेत, गट थांबणार नाही, ही कारणे तिथे चालत नाहीत.

मागे राहिलेला संग्रह

स्टोलिच्का यांचे दफन लेहमध्ये झाले. तेथे त्यांचे स्मारक आहे. त्यांचा संग्रह मात्र कलकत्त्याला सुखरूप पोहोचला. त्यांचे भूशास्त्रज्ञ सहकारी विल्यम ब्लॅनफर्ड यांनी त्यातील सरपटणारे प्राणी तपासले आणि १८७५ मध्ये, मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षी, यारकंदच्या बाजूच्या यांगी हिस्सार येथून आणलेल्या एका पालीचे नवी जात म्हणून वर्णन केले. १८७६ मध्ये ब्लॅनफर्ड यांनीच थर आणि सिंधच्या वाळूत राहणारी, बोटांना झालरीसारखे खवले असलेली निशाचर पाल शास्त्रापुढे आणली. लडाख परिसरातील थंड वाळवंटात राहणाऱ्या एका पालीला तर स्टोलिच्का जिवंत असतानाच, १८६७ मध्ये, व्हिएन्नाच्या स्टाइनडाखनर यांनी त्यांचे नाव दिले होते. ज्या उंच, कोरड्या मुलखात माणसाचा श्वास अडखळतो, तिथे ही पाल पिढ्यान्पिढ्या राहते आहे.

वाळलेली किंवा मद्यार्कात बुडवलेली पाल दीडशे वर्षे जपून काय मिळते, असे कोणी विचारेल. मिळते ती तुलनेची फूटपट्टी. आज एखाद्या संशोधकाला कच्छमध्ये पाल सापडली, तर ती जुनीच जात आहे की नवी, हे मूळ वर्णनाशी आणि जुन्या नमुन्यांशी ताडूनच ठरते. सह्याद्रीत गेल्या दोन दशकांत पालींच्या ज्या अनेक नव्या जाती नोंदल्या गेल्या, त्यांतही डीएनए तपासणीच्या जोडीला हीच पद्धत आहे. संरक्षणासाठी हे आवश्यक असते, कारण कायद्याच्या अनुसूचीत नाव घालायचे तर आधी नाव हवे आणि मुलूख कुठपर्यंत आहे ते माहीत हवे.

कच्छचा तो मुलूख आता बदलतो आहे. लिग्नाइट आणि चुनखडीच्या खाणी झाल्या. नारायण सरोवर अभयारण्याचे क्षेत्र १९९५ मध्ये सुमारे ७६६ चौरस किलोमीटरवरून ४४४ वर आणले गेले. बन्नीच्या गवताळ भागात विलायती किकर, ज्याला तिकडे गांडो बावळ म्हणतात, तो पसरला. मोठे सौर आणि पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले. वीज हवीच, पण कागदावर ‘पडीक जमीन’ लिहिलेल्या खडकाळ माळावर रात्री काय चालते, हे प्रकल्पाआधीच्या पाहणीत दिसायचे असेल तर ती पाहणी रात्रीही करावी लागेल. दिवसा फिरून केलेल्या यादीत निशाचर पाल येत नाही. त्यात भर अज्ञानाची. राजस्थान-गुजरातच्या काही भागांत बिबट्यासारखे ठिपके असलेल्या निशाचर पालीला अत्यंत विषारी समजून दिसताक्षणी मारतात, तर कुठे पालीपासून कर्करोगावर औषध होते या अफवेने त्यांची चोरटी विक्री होते. या औषधाला कोणताही वैद्यकीय आधार नाही.

स्टोलिच्का यांना भारतात मिळालेली वर्षे बारा सुद्धा नव्हती. त्यांनी नोंदवलेली कच्छची पाल आजही तिथल्या खडकांत आहे. ती तशीच राहावी यासाठी लागणारी माहिती जमवायला त्यांनी सुरुवात करून दिली. तिचा मुलूख नकाशावर नीट आखणे, खाणी आणि प्रकल्पांच्या परवानगीआधी रात्रीची पाहणी सक्तीची करणे आणि शाळांतून पालीविषयीची भीती घालवणे ही कामे अजून व्हायची आहेत.